चावीच्या पोटातल्या तीन चाव्या

‘गाडीची चावी बंद पडली’ हे वाक्य माझ्या अब्बांनी त्यांच्या उमेदीच्या काळात कधी ऐकलं नसेल. चावी हरवायची, वाकायची, कुलपात मोडायची, झिजून गुळगुळीत व्हायची. बंद पडण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. आता नाना पेठेतल्या आमच्या दुकानात दिवसभर हेच वाक्य कानावर पडतं. गिऱ्हाईक काळ्या प्लॅस्टिकची डबी काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, “काका, कालच सेल बदललाय, तरी चालेना.”

मी सेलचं विचारत नाही. मी विचारतो, “दार उघडत नाही, की गाडी सुरू होत नाही?” या प्रश्नाच्या उत्तरातच निम्मं काम होऊन जातं. कारण त्या डबीत तीन चाव्या असतात. तिन्ही वेगळ्या काळातल्या, वेगळ्या देशांत वेगळ्या गरजेतून आलेल्या, आणि एकीवर एक चढत गेलेल्या. बटण दाबून दार उघडत नाही पण पातं घालून गाडी सुरू होते, तर एक चावी गेली. दार उघडतं पण इंजिन धरत नाही, तर दुसरी गेली. पातंच फिरत नाही, तर तिसरी, सगळ्यांत जुनी. म्हणून आमच्या धंद्याचा इतिहास मला कानस आणि मीटरइतकाच कामाचा वाटतो. तो ठाऊक नसलेला कारागीर सेल बदलतो, कव्हर बदलतो आणि शेवटी अख्खी चावी बदलायला लावतो.

आम्ही शिकलगार. पिढ्यान्‌पिढ्या तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावायची, त्यांना चकाकी आणायची, हे आमच्या लोकांचं काम. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला, लोकांकडची हत्यारं परवान्याखाली आली आणि त्या कामाचा कणाच मोडला. मग कुणी विळे-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरू लागलं, कुणी लोखंडी भांड्यांकडे वळलं, कुणी कुलपाकडे. नांदेडकडचे शिकलगार शीख आहेत, आमच्याकडचे मुसलमान. पण कानस दोघांच्याही हातात दिसेल. आमच्या आजोबांचं गाव कराडच्या बाजूचं. ते विळ्यांना धार लावायचे आणि वेळप्रसंगी वाड्यांची कुलपं उघडून द्यायचे.

अब्बा पुण्यात आले ते पानशेतच्या पुरानंतर. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, मुठेचं पाणी पेठांत शिरलं आणि ओसरल्यावर मागे राहिला तो गाळ. लोखंडी कपाटं, तिजोऱ्या, ट्रंका, दारांची कुलपं, सगळ्यांत तो गाळ घट्ट बसला होता. चाव्या होत्या, पण फिरत नव्हत्या. काही चाव्या तर घरासकट वाहून गेल्या होत्या. कुलूप न तोडता उघडणाऱ्या माणसाला त्या वर्षी पुण्यात काम कमी पडलं नाही. अब्बा रॉकेलने गाळ सोडवायचे, तारेने एकेक लिव्हर चाचपायचे आणि कपाट उघडलं की दोन पावलं मागे सरून उभे राहायचे. आत काय आहे ते घरच्यांनी आधी बघायचं, हा त्यांचा नियम. मंडईमागच्या फुटपाथवर त्यांनी पेटी मांडली ती तेव्हा.

त्यांच्या पेटीत काय असायचं तर चार-पाच जातींच्या कानशी, एक हातशेगडा, मेणबत्ती, पकड आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्या. कुलपं बहुतेक गोदरेजची नाहीतर अलीगढची. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि त्यांच्या कुलपाचं अब्बांना फार कौतुक. ते कुलूप उघडायला वेळ लागला तर ते खूश व्हायचे. मोटारीची कुलपं त्या मानाने सोपी. अमेरिकेत लायनस येल यांनी १८६१ साली पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं. त्याच तत्त्वावर पुढे पिनांऐवजी पातळ पितळी पत्त्या घातलेलं स्वस्त कुलूप निघालं आणि मोटारीत बहुधा तेच बसलं. चावीवरच्या खाचा पत्त्यांना नेमक्या उंचीवर उचलतात, मग सिलिंडर फिरतो. इतकंच.

मूळ चावी हातात नसताना अब्बा नवी कशी करायचे ते सांगतो, कारण हे आता बघायला मिळत नाही. कोरी चावी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळायची. कुलपात घालून थोडा जोर लावून फिरवायची, वरखाली हलवायची आणि अलगद बाहेर काढायची. जिथे पत्ती अडलेली असेल तिथे काजळीवर केसाएवढी चमक दिसते. तिथे कानशीचे दोन हात, पुन्हा काजळी, पुन्हा कुलपात. चमक दिसायची थांबली की त्या जागेची खाच पुरी झाली. उन्हात बसून हे काम होत नाही. अब्बा डोक्यावर पंचा घेऊन त्या सावलीत चावी डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. सहा जागा आणि प्रत्येक जागेला चार प्रकारची खोली धरली, तर जास्तीत जास्त ४०९६ तऱ्हेच्या चाव्या होतात. रस्त्यावर गाड्या त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे जुन्या गाड्यांत एकाच्या झिजलेल्या चावीने दुसऱ्याची गाडी उघडल्याचे किस्से मंडईत सगळ्यांना पाठ होते.

मुळात मोटारीला चावीची गरज उशिराच पडली. सुरुवातीच्या गाड्या पुढे हँडल घालून, हात मोडायच्या बेताने फिरवून सुरू करायच्या. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, तरी त्यानंतरही बरीच वर्षं चावी फक्त करंट चालू-बंद करायची आणि स्टार्टरसाठी वेगळं बटण किंवा पायाखालचं पेडल असायचं. चावी फिरवली की सेल्फ मारतो, ही सोय क्रायस्लरने १९४९ साली दिली. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली, तेव्हा त्या चावीत ना सेल होता ना चिप. अब्बांनी ती तासाभरात करून दिली असती.

मी पेटीवर बसायला लागलो तो त्याच सुमाराचा काळ. आणि नेमक्या त्याच वर्षांत, आमच्या कानावर न येता, दूर तीन ठिकाणी आमच्या धंद्याची दिशा बदलत होती.

पहिलं ठिकाण फ्रान्स. पॉल लिपशुट्झ यांनी काढलेली दुरून दार उघडणारी चावी १९८२ साली रेनो फ्यूगो गाडीत आली. ती टीव्हीच्या रिमोटसारखी इन्फ्रारेड किरणांवर चालायची, म्हणजे नेम धरावा लागायचा आणि गाडीवरच्या डोळ्यावर धूळ बसली की संपलं. पुढे किरणांची जागा रेडिओलहरींनी घेतली. युरोपात आणि आपल्याकडे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिका आणि जपानमध्ये ३१५ वर. परदेशातून आणलेली जुनी चावी इथल्या गाडीला का चालत नाही, असं विचारणाऱ्यांना निम्म्या वेळा हेच उत्तर असतं.

सुरुवातीच्या रेडिओ रिमोटचा दोष असा की ते दरवेळी तोच आकडा ओरडायचे. नव्वदच्या दशकात पुण्यात गाड्यांना बाहेरून अलार्म आणि सेंट्रल लॉक बसवायची लाट आली, तेव्हा असेच रिमोट आमच्याकडे आले. त्यांच्या बोर्डवर आठ ते बारा जागांची रांग असायची, वरच्या अंगाला ‘एच’, खालच्या अंगाला ‘एल’, आणि मधल्या ठिपक्याला कथिलाचा थेंब टाकून वर जोडायचं, खाली जोडायचं किंवा मोकळं सोडायचं. बारा जागा, तीन तऱ्हा. म्हणजे ५,३१,४४१ आकडे. गिऱ्हाइकाचा रिमोट फुटला की मी नवा बोर्ड घेऊन थेंबांची तीच नक्षी उतरवायचो आणि रिमोट तयार. मला त्यात कानशीचं काम दिसलं. खाच लोखंडात करायची ती कथिलात केली, एवढाच फरक. इलेक्ट्रॉनिक्सची माझी भीती गेली ती त्या थेंबांमुळे. तपकीर गल्लीतून सोल्डरिंग आयर्न आणलं, आणि अब्बांच्या पेटीत पहिल्यांदा विजेची वायर शिरली.

पण जो आकडा मी सहज उतरवू शकत होतो, तो चोरही हवेतून टिपून ठेवू शकत होता. त्यावरचा तोडगा दुसऱ्या ठिकाणी, दक्षिण आफ्रिकेत निघाला होता. तिथल्या नॅनोटेक या कंपनीत १९८० च्या दशकाच्या मध्यात फ्रेडरिक ब्रूवर, गिडियन कून आणि विलेम स्मिट यांनी कीलॉक नावाची पद्धत बसवली. १९९५ साली अमेरिकेच्या मायक्रोचिपने ती एक कोटी डॉलरहून जास्त देऊन विकत घेतली आणि ‘एचसीएस’ नावाच्या आठ पायांच्या चिपांतून ती जगभरच्या रिमोटांत गेली. मला या शोधाचं मनापासून कौतुक आहे.

त्याचं काम असं चालतं. रिमोट आणि गाडी या दोघांकडे एक गुप्त आकडा असतो आणि एक मोजणी असते. बटण दाबलं की रिमोट मोजणी एकाने वाढवतो, गुप्त आकड्याने ती घुसळतो आणि घुसळलेला आकडा हवेत सोडतो. गाडी तो उलगडून बघते: मोजणी मागच्या वेळेपेक्षा पुढे आहे ना? पुढे असेल तर दार उघडतं आणि तो आकडा कायमचा बाद. कुणी टिपून पुन्हा वाजवला तर गाडी दाद देत नाही. आता एक अडचण. मुलाने खेळता खेळता घरात बसून बटण दाबत ठेवलं तर रिमोटची मोजणी पुढे जाते, गाडीला काहीच कळत नाही. यासाठी सवलत ठेवलेली आहे. मायक्रोचिपच्या मूळ पद्धतीत सोळा पावलांपर्यंतचा फरक गाडी निमूट मान्य करते. त्याहून जास्त फरक असेल तर ती पहिलं बटण ऐकून गप्प राहते आणि लगेच दुसरं बटण ओळीने आलं की मग दोघांचं पुन्हा जुळतं. ‘एकदा दाबून उघडत नाही, दोनदा दाबलं की उघडतं, मग ठीक चालतं’ असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा चावीत काही बिघाड नसतो. घरात लहान मूल आहे का, एवढं मी विचारतो.

तिसरी गोष्ट घडली ती दाराची नव्हे, इंजिनाची. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटच्या चावीत एक छोटी रोधकाची गोळी बसवली. पंधरा वेगवेगळ्या किमतींपैकी एक. गोळी जुळली नाही तर इंजिन पेटणार नाही. पंधरा म्हणजे काहीच नाही, पण विचार पक्का होता: चावी लोखंडाने जुळणं पुरेसं नाही, विजेनेही जुळलं पाहिजे. युरोपात १९९० नंतर गाड्यांच्या चोऱ्या इतक्या वाढल्या की १९९५ साली तिथे नियम झाला आणि १९९८ पर्यंत नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चावीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा कोळशासारखा काळा चौकोनी तुकडा, त्यात चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेची गुंडाळी असते; ती साधारण १२५ किलोहर्ट्झवर शक्ती फेकते, तेवढ्या शक्तीवर चिप जागी होते आणि उत्तर देते. सुरुवातीच्या चिपा फक्त नाव सांगायच्या. नंतरच्यांना गाडी दरवेळी नवं कोडं घालते आणि उत्तर बरोबर आलं तरच पेट्रोल सोडते.

शतकाच्या शेवटी परदेशी कंपन्यांच्या गाड्या पुण्यात आल्या आणि हा प्रकार आमच्यापुढे उभा राहिला. पुढे मारुतीनेही आयकॅट्स नावाने तो आणला. अब्बा तेव्हा थकले होते, तरी रोज दुकानात यायचे. त्यांनी एका गाडीची चावी काजळून, घासून अगदी नेमकी केली. दार उघडलं. चावी फिरली. सेल्फ मारला, इंजिनाने दोन ठोके घेतले आणि विझलं. पुन्हा तेच. डॅशबोर्डवर चावीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकत होता. अब्बांनी चावी काढून पुन्हा पुन्हा बघितली. घासकाम चोख होतं. आयुष्यात पहिल्यांदा चोख चावीने गाडी सुरू होईना. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “हिला अजून काहीतरी पाहिजे. ते काय, ते तू शोध.”

ते शोधायला माझी काही वर्षं गेली. कंपन्या माहिती देत नव्हत्या. आम्ही शिकलो ते एकमेकांकडून. मुंबईच्या ऑपेरा हाउसच्या बाजारातले, दिल्लीचे, चेन्नईचे कारागीर फोनवर बोलायचे. गाडीच्या डॅशबोर्डाखालचा इमोबिलायझरचा डबा काढायचा, त्यातली ९३सी४६ किंवा २४सी०२ अशा नावाची आठ पायांची मेमरी चिप उचलायची, तिच्यातली माहिती कॉम्प्युटरवर वाचायची, नव्या चावीची ओळख त्यात लिहायची आणि चिप जागेवर सोल्डर करायची. पाय तुटला तर गाडी कायमची मुकी. नंतर शेन्झेनहून कीडीआयवाय, एक्सहॉर्स अशा कंपन्यांची हातात मावणारी यंत्रं आली आणि बरंच काम डबा न उघडता होऊ लागलं. यंत्र हाताशी असणं आणि काम समजणं यात मात्र अजूनही फरक आहे.

माहिती दडवण्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या कारागिरांना मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा. पुढे अपिलं झाली. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं आणि त्यात मोटारीही धरल्या. कंपन्या म्हणतात, माहिती उघड केली तर चोरांना मिळेल. मी हे ऐकून घेतो, पण जे घडलं ते वेगळं सांगतं. कीलॉकची पद्धत गुप्त ठेवली होती. ती बाहेर फुटली आणि २००८ साली जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी ती कशी मोडते हे दाखवलं. हिटॅग२ नावाच्या चिपेत ४८ बिटांचा गुप्त आकडा असतो, म्हणजे २८१ लाख कोटींहून जास्त शक्यता. २०१२ साली संशोधकांनी तो सहा मिनिटांच्या आत काढून दाखवला. मेगामॉस चिपेवरचा असाच अभ्यास २०१३ साली फोक्सवॅगनच्या अर्जावर लंडनच्या न्यायालयाने छापू दिला नाही. तो २०१५ साली, एक वाक्य गाळून, प्रसिद्ध झाला. या सगळ्या काळात अंधारात राहिला तो गिऱ्हाईक आणि फुटपाथवरचा कारागीर. आमच्याकडे वही आहे. आरसी बुक, मालकाचं ओळखपत्र आणि सही यांशिवाय गाडीची चावी होत नाही, मग समोर कुणी का असेना. अब्बांचा दोन पावलं मागे सरण्याचा नियम तो हाच.

आता टेबलावरच्या बंद चावीकडे येतो.

शिवणीवर एक बारीक खाच असते, तिथे नखाएवढं पातळ पातं घालून हलकं पिळलं की डबी दुभंगते. आधी सेल. सीआर२०३२ म्हणजे वीस मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल. त्याच्याजागी पातळ सीआर२०१६ बसतो, पण सैल राहतो, आणि ‘सेल नवाच आहे’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं इथेच निघतं. नुसतं मीटर लावून सेल तपासू नये. मरता सेलही मोकळा असताना तीन व्होल्ट दाखवतो. बटण दाबून रिमोट बोलता करायचा आणि त्या क्षणी आकडा किती घसरतो ते बघायचं. अलीकडे काही कंपन्या मुलांनी गिळू नये म्हणून सेलवर कडू लेप लावतात. लेप चांगल्यासाठीच आहे, असा सेल पोटात गेला तर अन्ननलिका जाळतो. पण तो लेप कधी कधी नेमका पत्रीच्या टेकण्यावर येतो आणि करंट अडवतो. स्पिरिटच्या बोळ्याने काठ पुसला की रिमोट जिवंत.

मग पत्र्या. सेल धरणारी स्टीलची पत्री वारंवार सेल काढल्याने बसते. चिमट्याने ती अर्धा मिलिमीटर उचलायची, पेन्सिलच्या खोडरबरने काळपटपणा काढायचा. मग बटणं. बोर्डावर तांदळाएवढ्या उंचीचा चौकोनी स्विच असतो. ‘टक’ असा आवाज आला म्हणजे तो चांगला असं लोक समजतात, पण आवाज आतल्या पत्रीचा असतो, जोड तुटलेला असला तरी येतो. भिंगाखाली स्विचच्या पायाभोवती कथिलात केसासारखी गोल भेग दिसते. रोज अंगठ्याने दाबलेलं दार उघडायचं बटणच आधी जातं, डिकीचं बटण नव्यासारखं असतं. मी बऱ्याचदा डिकीचा स्विच उचलून दाराच्या जागी लावतो आणि नवा स्विच डिकीला. आयर्नचं टोक अडीच-तीन सेकंदांवर ठेवायचं नाही, नाहीतर बोर्डावरची तांब्याची रेघ उचलून येते.

इतकं करूनही दाद मिळत नसेल तर डबी पडली होती का ते विचारतो. बोर्डावर धातूच्या टोपीची छोटी वस्तू असते, ती रिमोटचा सूर ठरवते. आपटलं की आतली कपची तडकते किंवा सूर सरकतो. फ्रिक्वेन्सी मीटरवर ४३३.९२ च्या जागी भलताच आकडा दिसतो. रिमोट बोलत असतो, पण गाडीचा कान दुसरीकडे. हा भाग बदलला की काम होतं. आणि चावी एकाच ठिकाणी चालत नसेल, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंद आणि रस्त्यावर चालू, तर चावी उघडूच नका. त्याच लहरींवर बोलणारी एखादी बिघडलेली वायरलेस बेल आसपास अखंड ओरडत असू शकते.

पावसाळ्यात भिजलेल्या पँटच्या खिशातल्या आणि वॉशिंग मशीनमधून निघालेल्या चाव्यांची रांग लागते. तेव्हा एकच करायचं: बटण दाबून न बघता आधी सेल काढायचा. पाण्यात करंट वाहिला की रेघांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि तांबं खाल्लं जातं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्याने काही होत नाही, त्या दोन दिवसांत उलट थर वाढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, इतकंच लागतं.

सगळ्यांत वाईट वाटतं ते एका प्रकाराचं. बटणाचं रबर फाटलं म्हणून लोक ऑनलाइन नवं कव्हर मागवतात, घरी बसून बोर्ड आणि पातं नव्या कव्हरात घालतात आणि जुनं कव्हर कचऱ्यात टाकतात. दार उघडतं, गाडी सुरू होत नाही. कारण अनेक चाव्यांत इमोबिलायझरची ती काळी चिप बोर्डावर नसतेच; ती जुन्या प्लॅस्टिकच्या एका कोपऱ्यात, इवल्याशा खणात चिकटवलेली असते. घंटागाडी येऊन गेलेली असते. मी फोनवर सगळ्यांना सांगतो, जुनं कव्हर फेकू नका, आधी घेऊन या.

आताच्या बटणाच्या गाड्यांत पातं घालायला भोकच दिसत नाही. दाराच्या कडीला हात लावला की गाडी हलक्या लहरीने खिशातल्या चावीला हाक मारते आणि चावी उत्तर देते. १९९८ च्या मर्सिडीझ एस-क्लासपासून ही सोय गाजली. तिच्यातली खोटही लवकरच दिसली: २०११ साली झुरिकच्या संशोधकांनी दहा गाड्यांवर प्रयोग करून दाखवलं की दोन माणसं मध्ये उभी राहून ही हाक लांबवू शकतात, चावी घरात आणि गाडी रस्त्यावर असली तरी. तिन्ही चाव्या या डबीतही आहेत. सेल मेला तर डबी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा, किंवा गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी ठेवा. आतली बिनसेलची चिप जागी होईल आणि गाडी सुरू होईल. आणि डबीच्या पोटातून खेचून काढता येणारं लोखंडी पातं येलच्या घराण्यातलंच. कडीच्या शेवटची प्लॅस्टिकची टोपी काढली की त्याचं भोक सापडतं. ते कुलूप वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम झालेलं असतं; पावसाळ्याआधी त्यात चिमूटभर ग्रॅफाइटची पूड फुंकून पातं चार वेळा फिरवून ठेवावं. तेल घालू नये, त्यावर धूळ बसते.

चिपांचं काम आता पुतण्या करतो, त्याचे डोळे तरुण आहेत. पातं घासायचं असेल तर माझ्याकडे देतो. २०२० साली बीएमडब्ल्यूच्या गाड्या आयफोनने उघडायला लागल्या, आणि आताच्या नव्या पद्धतीत गाडी चावीचा नुसता आवाज ऐकत नाही, उत्तर यायला किती वेळ लागला तेही मोजते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जाते, त्यामुळे मध्ये कुणी हाक लांबवली तर उशिरावरून पकडलं जातं. झुरिकच्या त्या दोन माणसांवर हा खरा तोडगा आहे. अशी चावी अजून आमच्या टेबलावर बिघडून आलेली नाही. पुतण्याने तिच्या चिपांचे कागद आताच उतरवून ठेवलेत आणि रात्री शटर ओढल्यावर आम्ही ते वाचत बसतो.